आम्ही लूटनवाले

फुटबॉलमध्ये मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल ही पब्लिकची आवड. आपण पडलो दर्दी! त्यामुळे 2023 मध्ये लूटन टाऊन प्रीमियर लीगमध्ये चढलं आणि मी रातोरात जुना लूटनवाला झालो.

केनिलवर्थ रोडचं त्यांचं मैदान कुणी विचारलं नाही तरी मी सांगतोच. पाहुण्या प्रेक्षकांचं फाटक चक्क घरांच्या रांगेत आहे. इकडे कुणाचं दार, तिकडे कुणाची खिडकी, मधे वाड्याच्या बोळासारखी वाट. पुढे जिना चढायचा, तर खाली लोकांच्या परसात कपडे वाळताहेत. मँचेस्टरहून आलेला माणूस कुणाच्या तरी चड्ड्या बघतच आत शिरणार! घरचा पहिला सामना तर स्टँडचं बांधकाम उरकलं नाही म्हणून पुढे ढकलला. तिथे मला फारच आपलेपणा वाटला.

डिसेंबरात आर्सेनलविरुद्ध आम्ही (म्हणजे ते अकरा आणि गादीवरून मी) 3-2 असे पुढे. आर्सेनलवाल्या भाच्याला मी पैसा आणि जिद्द यांवर लांबलचक मेसेज धाडला. त्यांनी बरोबरी साधली आणि 97 व्या मिनिटाला त्यांच्या डेक्लन राइसने हेडर मारला. 3-4. भाच्याने नुसता अंगठा पाठवला.

पुढच्याच आठवड्यात बोर्नमथला आमचा कॅप्टन टॉम लॉकियर खेळता खेळता कोसळला. हृदयच थांबलं होतं. मे महिन्यात, लूटन ज्या सामन्याने वर चढलं त्यातही तो असाच पडला होता. बोर्नमथचा सामना 1-1 वर सोडून दिला. रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, शुद्धीवर आहे तो." मला बराच वेळ काही बोलता येईना.

तो सामना मार्चमध्ये पुन्हा झाला. मध्यंतराला आम्ही 3-0 पुढे, शेवटी 3-4. मोसमाअखेर 26 गुण, अठरावा नंबर, परत खाली. सोबत चढलेले बर्नली आणि शेफील्ड युनायटेडही खाली.

"झेपत नाही तर वर येतात कशाला?" असं कुणी म्हटलं की माझं टाळकं सटकतं. अरे, त्या एका राइससाठी आर्सेनलने दहा कोटी पौंड मोजले. आमचा पेली रडॉक म्पान्झू पाचव्या डिव्हिजनपासून याच एका क्लबकडून खेळत वर आला. जरा लाज बाळगा!

भाचा मात्र हल्ली फार मायेने वागतो. टॉटनहॅम म्हणजे आर्सेनलची सख्खी भाऊबंदकी. परवा हळूच म्हणाला, "मामा, पुढच्या मोसमात टॉटनहॅमला धरा ना. जर्सी मी घेऊन देतो."