साइट सापडू नये म्हणून : बाळापूरच्या व्यापारी बंधूंसाठी मार्गदर्शिका

गुगलात वर कसे यावे हे सांगणाऱ्यांचा सुकाळ आहे. कसे येऊ नये, हे मात्र रीतसर कोणी शिकवत नाही; व्यापारी बंधू आपापल्या अंगभूत हुशारीने ते साधतात. त्या विखुरलेल्या अनुभवाची ही नियमवार मांडणी. उदाहरणादाखल कृषी सेवा केंद्र धरले आहे. कापड दुकान, मंगल कार्यालय आणि शिकवणी वर्ग यांनीही नियम जसेच्या तसे पाळावेत.

१. पत्त्यात फक्त 'बाळापूर' लिहावे. या बाबतीत आपण जन्मतःच भाग्यवान आहोत. रोमन लिपीत गावाचे नाव टाकले की हैदराबादचे बालापूर आडवे येते. तिथल्या गणपतीचा लाडू १९९४ मध्ये लिलावात ४५० रुपयांना गेला होता, २०२४ मध्ये त्याने ३० लाख ओलांडले. त्या लाडवापुढे आपल्या युरियाच्या पोत्याचा काय पाड लागणार? शिवाय हिंगोली जिल्ह्यात आखाडा बाळापूर आहे, आणि स्पेलिंग जरा घसरले की चंद्रपूरचे बल्लारपूर हजर. 'जि. अकोला', 'खामगाव रोड', 'पारसपासून जवळ' असे काही लिहिले तर गाव ओळखू येते. लिहू नये.

२. मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये टंकावा. पडद्यावर 'बाळापूर' झकास दिसते. यंत्राला मात्र त्या जागी सी, के, कॅपिटल जी, के, आय, डब्ल्यू, जे अशी सात रोमन अक्षरे मिळतात. हा शब्द शोधणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपला डीटीपीवाला त्याही आधीपासून आहे. ज्येष्ठतेचा मान राखावा.

३. कृतिदेव येत नसेल तर उद्घाटनाचा फ्लेक्सच फोटो काढून मुख्य पानावर चढवावा. भाव, पत्ता, फोन नंबर सगळे चित्रातच असू द्यावे. फाइलचे नाव व्हॉट्सअ‍ॅपवरून आले तसेच ठेवावे, आणि चित्रात काय आहे हे सांगणारी ओळ रिकामी सोडावी. पानाचे शीर्षक 'होम'. जगात 'होम' नावाची पाने मोजता येणार नाहीत इतकी आहेत; त्या गर्दीत आपण सुखरूप राहतो.

४. गिऱ्हाईक जे विचारते ते चुकूनही लिहू नये. ऑगस्टमध्ये काउंटरवर शेतकरी येतो आणि म्हणतो, "भाऊ, पऱ्हाटीची पाती गळून राह्यली. काय फवारू?" मोबाइलवर तो नेमके हेच शोधतो: कपाशी, पातेगळ, उपाय. म्हणून आपल्या पानावर हे तिन्ही शब्द नसावेत. त्याऐवजी 'आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत', संचालकांचे मनोगत, आणि 'शेतकऱ्यांच्या सेवेत सदैव तत्पर'. 'सदैव तत्पर' शोधायला कोणी येत नाही, त्यामुळे जागा शांत राहते.

५. तरीही मन खात असेल तर 'सर्वोत्तम कृषी केंद्र' हे शब्द पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शंभर वेळा लिहावेत. माणसाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात, आणि यंत्र त्याला फसवणूक समजते. दुहेरी फायदा. कोणी 'कीवर्ड टॅग भरून देतो' म्हणून पैसे मागितले तर घासाघीस न करता द्यावेत. क्रमवारी लावताना आपण तो टॅग पाहतच नाही, असे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. म्हणजे पैसे वाया जाण्याची पूर्ण खात्री.

६. लिंका घाऊक भावात घ्याव्यात. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली कल्पना आपल्याकडच्या सोयरिकीसारखीच आहे: किती जणांनी नाव सुचवले यापेक्षा कोणी सुचवले याला वजन. म्हणून अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने किंवा एखाद्या वर्तमानपत्राने आपला उल्लेख करावा असे काही काम हाती घेऊ नये. पाचशे अनोळखी साइटींचे पॅकेज बरे. अशा विकतच्या शिफारशी हुडकण्यासाठीच गुगलने २०१२ मध्ये पेंग्विन नावाची सुधारणा आणली होती. थंड प्रदेशातला पक्षी वऱ्हाडच्या उन्हात टिकणार नाही, असे समजून चालावे.

७. रामबाण उपाय : वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये' अशा अर्थाची एक चौकट असते. काम चालू असताना साइट बनवणारे पोट्टे तिच्यावर टिक करते, पैसे घेते आणि नोकरीला पुण्याला जाते. ती टिक काढू नये. हा एक नियम पाळला तर बाकीच्यांची गरजच उरत नाही. पण मेहनतीची सवय असावी म्हणून तेही दिले आहेत.

८. पानावर 'काम सुरू आहे' ही पाटी कायम ठेवावी. लोक हसले तर किल्ल्याकडे बोट दाखवावे. मान आणि म्हैस नद्यांमधला हा किल्ला औरंगजेबाच्या मुलाने, आजमशहाने, बांधायला घेतला. तो १७०७ मध्ये लढाईत मारला गेला आणि काम पूर्ण केले अचलपूरच्या नवाब इस्माईल खानाने, १७५७ मध्ये. आपल्या साइटला तर आता कुठे सहावे वर्ष लागले आहे.

धोक्याची सूचना : एवढे करूनही साइट वर येऊ लागली तर घरातच चौकशी करावी. बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलीने काउंटरवर बसून शेतकऱ्यांचे प्रश्न वहीत टिपलेले असतात, एकेका प्रश्नाला एकेक पान दिलेले असते, उत्तर साध्या मराठीत, युनिकोडमध्ये, आणि खाली दुकानाची वेळ, फोन, 'ता. बाळापूर, जि. अकोला'. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंदही तिनेच केलेली असते. तिला तातडीने आवरावे. नाहीतर मृगाआधीच फोन वाजू लागतील, आणि प्रत्येकाला 'काय फवारू' याचे खरे उत्तर द्यावे लागेल.