गैरहजेरीचं कारण : विंचू

रात्री साडेदहाला तिसऱ्या मजल्यावरून "गुड इव्हिनिंग फ्रॉम कल्याण, इंडिया" असा खणखणीत आवाज आला, की आम्ही खालच्या मजल्यावरचे लोक समजतो : लंडनमध्ये संध्याकाळचे सहा वाजले. हिवाळ्यात हाच आवाज साडेअकराला येतो, कारण तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात. "घड्याळ त्यांनी मागे घ्यायचं आणि जागरण आम्ही करायचं," असं काकू म्हणतात. त्यातून व्याख्यान कॅलिफोर्नियातलं असलं तर विचारायलाच नको. तिथली रविवारची दुपार म्हणजे आपली सोमवारची पहाट, साडेतीन. त्या वेळी देवळातला पुजारीसुद्धा काकडआरतीला उठलेला नसतो. काका मात्र दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसलेले असतात. शर्टाखाली लुंगी. ती कॅमेऱ्यात येत नाही.

काकांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. सोसायटीतल्या पोरांनी त्यांचं नाव ममीकाका ठेवलं आणि काकांनीही ते गुपचूप मंजूर केलं.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ते आस्थापना शाखेत होते. म्हणजे मस्टर, रजेचे अर्ज, वेतनवाढी, सेवापुस्तकं. धरण त्यांनी फारसं पाहिलं नाही. धरणावरच्या माणसांची हजेरी मात्र सगळी त्यांच्या हाताखालून गेली. २०२० साली टाळेबंदी लागली, परदेशातल्या संग्रहालयांनी आणि संस्थांनी आपली व्याख्यानं झूमवर आणली. लेकीने एक लिंक पाठवली, तीही काकूंना. शीर्षकात पिरॅमिड होता म्हणून वास्तुदोषाचं काहीतरी असेल असं तिला वाटलं. काकू पाच मिनिटांत उठल्या. काका अजून उठलेले नाहीत.

इजिप्तचं वेड साधारणपणे सोन्यापासून नाहीतर शापापासून सुरू होतं. काकांना दोन्हींत रस नाही. तुतनखामुनच्या थडग्यात ५,३९८ वस्तू मिळाल्या हे ऐकून आपले डोळे विस्फारतात ते सोन्याच्या मुखवट्यापाशी. काकांचे विस्फारले ते 'वस्तूंना क्रमांक दिले, एकेकीचं कार्ड केलं आणि थडगं रिकामं करायला दहा वर्षं लागली' या वाक्याला. "कार्टर माणूस तिरसट असेल, पण जडवस्तू नोंदवही चोख," हा थडगं शोधणाऱ्याबद्दलचा त्यांचा शेरा. शापाचा विषय काढलात तर काका चष्मा काढतात. खोदकामाचा खर्च उचलणारा कार्नार्व्हन १९२३ साली गेला तो डास चावलेली जागा चिघळून, आणि प्रत्यक्ष थडगं उघडणारा कार्टर १९३९पर्यंत जगला. "डासच चावला ना? कल्याणला रोज चावतात. आम्ही कुठल्या फॅरोचं काय उघडलंय?"

मग त्यांचा जीव अडकला कशात? ते मला एका हिवाळी रात्री कळलं. पावणेबाराला फोन. "झोपला नसशील तर वर ये. झोपला असशील तरी ये."

पडद्यावर चुनखडीची एक चपटी कपची होती, दोन्ही बाजूंनी बारीक लिहिलेली. मूळ ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजांच्या दरीतली थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर दैर अल-मदिना नावाच्या गावात राहत. ही कपची त्या गावची. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं चाळिसावं वर्ष. चाळीस कामगारांची नावं, नावापुढे काळ्या शाईत ते न आल्याच्या तारखा, आणि तारखेच्या डोक्यावर तांबड्या शाईत कारण.

"मस्टर," काका म्हणाले. एखाद्याने गाभाऱ्यात 'माउली' म्हणावं तसं.

काकांचं बोट पडद्यावर एकेका ओळीवरून फिरत होतं. आजारी. डोळे आलेले. विंचू चावला. आईचं शव गुंडाळतोय. बिअर गाळतोय. बायको नाहीतर लेक बाजूला बसलीय. आणि मग बोट थांबलं. लेखनिकासाठी दगड वाहतोय. "म्हणजे साहेबाच्या बंगल्यावर!" काका ओरडले. "अरे, बत्तीसशे वर्षं! आमच्याकडे शिपाई साहेबाच्या मुलीच्या लग्नाला वाढपी म्हणून जायचे, तेव्हा 'कार्यालयीन कामासाठी बाहेर' लिहायला लावत होते मला. या पठ्ठ्याने सरळ लिहिलंय!"

त्यांचे डोळे पाणावले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

प्रश्नोत्तरांचा तास हा अशा व्याख्यानांचा खरा तमाशा असतो. एक गृहस्थ "माझा प्रश्न नाही, एक छोटी टिप्पणी आहे" म्हणून सात मिनिटं घेतात. एक बाई गेल्या जन्मी थीब्जला होत्या. कुणीतरी परग्रहवासी काढतोच. त्याच्यावर काकांचा खास राग. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पिएर तालेंच्या चमूला पपायरस मिळाले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाचं रोजचं टिपण आहे : तुऱ्याच्या खाणीतून दगड भरला, नावेतून गिझाला नेला, रिकामे परत आलो. हे सगळं खुफूच्या पिरॅमिडच्या कामावर. "परग्रहावरचे असते तर खेपांचा हिशेब कशाला ठेवला असता?" काका विचारतात. "खेपा लिहिल्या म्हणजे कुणाला तरी बिल सादर करायचं होतं."

त्या रात्री काकांनीही हात वर केला. प्रश्न एकच : रजा मंजूर कोण करायचं? वक्ते क्षणभर थांबले आणि "फारच चांगला प्रश्न आहे" म्हणाले. काकांनी माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, "म्हणजे उत्तर नाही. मंत्रालयातही असंच म्हणतात." हळूच सांगितलं खरं, पण माइक चालूच राहिला होता. त्या पाठोपाठ स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज शे-दोनशे श्रोत्यांपर्यंत पोचला : "अहो, दूध विरजलंत का?" कुणीतरी चॅटमध्ये विचारलं, हा कॉप्टिक उच्चार होता का?

हे वेड घरातच राहिलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सफाई कामगारांचा पगार वीस तारखेपर्यंत रखडल्याचा विषय निघाला आणि काका उभे राहिले. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, ख्रिस्तपूर्व ११५७च्या सुमाराला, याच दैर अल-मदिनाच्या लोकांचा पगार थकला. पगार म्हणजे धान्य. ते काम टाकून चौक्या ओलांडून गेले आणि देवळाच्या मागे जाऊन बसले. भूक लागलीय, धान्य द्या, मासे द्या, कपडे द्या म्हणाले. लेखी नोंद असलेला जगातला हा पहिला संप, कागद तुरीनच्या संग्रहालयात. "आपल्याकडे देऊळ नाही, पण गणपतीचा मंडप आहे," एवढं बोलून काका बसले. पगार दुसऱ्या दिवशी झाला. चिटणीस अजूनही रामसेसला काकांचा साडू समजतात.

त्याच सभेत त्यांनी शाब्तीही काढले होते. थडग्यात ठेवायच्या छोट्या बाहुल्या. परलोकात शेतकामाला बोलावणं आलं, की मालकाच्या वतीने बाहुलीने 'हजर' म्हणायचं. तुतनखामुनकडे ४१३ होत्या : वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशा ३६५, त्यांच्यावर ३६ मुकादम आणि महिन्याला एक याप्रमाणे आणखी १२ देखरेखीला. "दहा माणसांमागे एक मुकादम. मेल्यावरसुद्धा! आणि आमच्या विभागात निरीक्षकाची तीन पदं रिक्त होती, सेवानिवृत्तीपर्यंत." हे सांगताना त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता.

मी एकदा खवचटपणे विचारलं, काका, इजिप्तचं एवढं, पण आपल्या गावाचं काय? चूक केली. पुढचा तास बेरेनिकेत गेला. तांबड्या समुद्रावरचं हे जुनं बंदर. तिथल्या देवळाच्या अंगणात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली, जहाजांचं सागवान मिळालं आणि अलीकडे बुद्धाची मूर्तीही मिळाली. पहिल्या शतकात इजिप्तमधल्याच एका ग्रीक व्यापाऱ्याने या वाटेवरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस नावाने. त्यात सोपारा आहे, पैठण आहे, तेर आहे. आणि कल्याण आहे. कल्याणबद्दल तो लिहितो, की तिथे आता अडवणूक फार, चुकून ग्रीक जहाज शिरलंच तर पहाऱ्यात भडोचला नेतात.

"कळलं?" काका म्हणाले. "दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा कल्याणला उतरू देत नव्हते. आम्हाला अंबरनाथला नेऊन सोडायचे."

परवा त्यांनी मला त्यांची वही दाखवली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, सरकारी वाटावी अशी. आजवर नोंदवलेली व्याख्यानं : विषय, वक्ता, वेळ. पुढे हजेरी काळ्या शाईत, गैरहजेरीचं कारण तांबड्या शाईत. 'वीज नाही.' 'मोतीबिंदू.' 'सौ.ची बहीण मुक्कामी.' एका ठिकाणी नुसतंच 'दूध', त्याबद्दल मी विचारलं नाही. पान उलटलं तर तिथे माझं नाव. दोन वर्षांपूर्वी तोंडदेखलं "मलाही लिंक पाठवत जा" म्हटलं होतं, तेव्हापासून मी त्यांच्या आस्थापनेवर आहे. नावापुढे सलग अकरा फुल्या आणि तांबड्या शाईचा रकाना कोरा.

"कारण सादर कर," काका म्हणाले. "मागच्या तारखेने चालेल. झोप हे कारण धरलेलं नाही. त्या कपचीतही नाही."

येत्या गुरुवारी रात्री साडेदहाला पुढचं व्याख्यान आहे, विषय मातीची भांडी, भाग दुसरा. विंचू मी परवाच वापरून बसलोय. दुसरं काही सुचत असेल तर बुधवारपर्यंत कळवा.