भांडायला कुणी नाही

ब्रँडेड कॉम्प्युटर घेणाऱ्याला एक मोठं सुख असतं. यंत्र बिघडलं की त्याला भांडायला कुणीतरी असतं. टोल-फ्री नंबर असतो, तक्रार क्रमांक असतो, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगणारी मंजुळ बाई असते. माझा कॉम्प्युटर असेंबल्ड. प्रोसेसर एका दुकानातला, मदरबोर्ड दुसऱ्या, एसएमपीएस तिसऱ्याच गल्लीतला. वॉरंट्या वेगवेगळ्या, उत्तर मात्र सगळीकडे एकच: "आमचा पार्ट ओके आहे, काका." आणि हे ओके पार्ट एकत्र जोडले कुणी? मी. म्हणजे भांडायचंच तर आरशासमोर उभं राहायला हवं.

एरवी हेच तर मी मिरवतो. पाहुणा आला की चहाच्या आधी कॅबिनेट. बाजूची काच, आतले रंग बदलणारे पंखे, वरच्या बाजूला निळं वलय असलेलं पॉवरचं बटण. "हा मी स्वतः बांधलाय," हे मी ज्या सुरात म्हणतो त्या सुरात लोक बंगल्याबद्दल बोलतात. आणि हे बांधकाम एके दिवशी चालता चालता खटकन बंद पडायला लागलं. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. लगेच बटण दाबावं तर ढिम्म. थोडा वेळ जाऊ द्यावा, की सुरू, जणू काही झालंच नाही.

"थोड्या वेळाने सुरू होतो ना? मग हीटिंग," हिंजवडीतल्या भाच्याने फोनवरच निकाल दिला. "मामा, थर्मल पेस्ट बदला." बदलली. पण प्रोसेसर फार तापला, शंभर अंशांच्या आसपास गेला, की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर बंद होतो. माझा साठी ओलांडायला तयार नव्हता. त्या बाबतीत तो माझ्यापेक्षा तरुण निघाला. "मग विंडोज फॉरमॅट मारा," भाचा म्हणाला. या पिढीला सर्दी झाली तरी ती फॉरमॅटच मारत असावी.

मेहुणे वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावली आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "झिणझिण्या! अर्थिंग नाही तुमच्याकडे." आता या अर्थिंगबद्दल मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण मेहुण्यांनीही मला ते सविस्तरच सांगितलं. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब येऊन बसतो, म्हणजे 230 चे 115 व्होल्ट. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या झिणझिण्या. हे ऐकून आम्ही सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा शोधायला खाली उतरलो. जमिनीत प्लेट, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, आणि उन्हाळ्यात वरून पाणी घालायचं, म्हणजे माती ओली राहते, अशी ती व्यवस्था. आमच्या खड्ड्यावर सेक्रेटरींची स्कूटर उभी होती. ती हलवायला सेक्रेटरींची दुपारची झोप संपावी लागली. झाकण उघडलं तर आत मीठ नाही, कोळसा नाही, गुटख्याच्या पुड्या आणि पेव्हर ब्लॉक बसवताना तोडलेली पट्टी. म्हणजे अख्खी इमारत इतकी वर्षं भगवंताच्या भरवशावर उभी. तातडीची मीटिंग झाली, वर्गणीवरून वाद झाला, तिसऱ्या मजल्याने 'आम्हाला झिणझिण्या येत नाहीत' म्हणून पैसे नाकारले. पण खड्डा झाला. कॉम्प्युटर पूर्वीसारखाच बंद पडत राहिला. मेहुण्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

इथवर मला मजाच वाटत होती. मग एक मित्र गेला, आणि त्याच्यावर लिहायला बसलो. पहिल्या खेपेला लिहिलं होतं की हा माणूस माझे लेख कधीच वाचत नसे, म्हणूनच त्याच्याशी मोकळं बोलता यायचं. तेवढ्यात खटकन काळोख. वर्ड दर दहा मिनिटांनी आपणहून जपून ठेवतं. माझा परिच्छेद त्या दहा मिनिटांच्या आतला. पुन्हा लिहायला घेतलं तर 'उमदा', 'दिलदार', 'राजा माणूस' एवढंच हाताला लागलं. छापून तेच आलं. वहिनींनी फोन करून आभार मानले. त्या रात्री मला त्या रंगीत पंख्यांचा मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट रिक्षात घालून पासोड्या विठोबाच्या बाजारात नेलं. दुकानातल्या पोराने माझ्या काचेकडे, पंख्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. मदरबोर्डच्या कोपऱ्यातली दोन पिनांची बारीक वायर उपटली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या पिनांना टेकवलं आणि यंत्र चालू केलं. "आता असंच चालू दे, काका." संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडलं नाही.

बटण अर्धवट आत अडकत होतं. पंख्यांच्या थरथरीने मधूनच आतला संपर्क जुळायचा. नातवाच्या बोटांना घाबरून मी विंडोजला 'बटण दाबलं तरी काही करू नकोस' असं सांगून ठेवलेलं. पण चार सेकंद बटण दाबलेलं राहिलं की विंडोजला कुणी विचारत नाही, मदरबोर्डच वीज तोडतो. बटण सुटेपर्यंत पुन्हा सुरूही होत नाही. पोराने रिसेटची वायर पॉवरच्या पिनांवर बसवून दिली. आता रिसेट दाबला की कॉम्प्युटर सुरू होतो आणि निळं वलय नुसतं शोभेला. पाहुणे अजून तेच दाबतात.

तुमचाही असाच बंद पडत असेल, तर नवा एसएमपीएस आणायच्या आधी ती दोन पिनांची वायर काढून बघा. आणि जमलं तर खाली जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी घाला. त्या बाबतीत मेहुण्यांचं बरोबर आहे.