घाटावरचे दुभाषी

ज्याच्यावाचून एकाही कचेरीचे पान हलत नाही, पण ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर सापडत नाही, असा एक गृहस्थ प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच. पूर्वी तो अर्जनवीस असे, हल्ली तो संगणकांची सोयरीक जुळवतो. बुलढाण्याच्या आमच्या या गृहस्थांस सारे नुसते ‘भाऊ’ म्हणतात. दुकान नाही, पाटी नाही. खिशात पेचकस आणि चेहऱ्यावर निष्णात वैद्याचे औदासीन्य, एवढाच सरंजाम.

खामगावातील आमच्या छापखान्यात तीन यंत्रे नांदतात : हिशेबाचे दप्तर विंडोज एक्सपीवर, जुळणी विंडोज दहावर, आणि भंगारात जाता जाता वाचलेल्या तिसऱ्या यंत्रावर सर्वांच्या फायली सांभाळणारे लिनक्स. एके दिवशी लिनक्सच्या ‘अपडेट करा’ या आर्जवास भुलून मीच होकाराची कळ दाबली, आणि त्या क्षणापासून एक्सपी लिनक्सशी ओळखच सांगेनासे झाले.

बोथ्याचा घाट उतरून भाऊ फटफटीवरून आले. “कालवरी तं चालू व्हतं, भाऊ!” आमच्या मुनीमजींनी फिर्याद गुदरली. भाऊंनी चहा घेतला, यंत्राकडे तुच्छतेने पाहिले आणि विचारले, “हे बसवलं कोणी?”

“तुम्हीच.”

“तरीच इतके दिवस टिकलं.”

मग, कीर्तनकार आख्यानाआधी पूर्वरंग लावतो त्या थाटात, त्यांनी इतिहास सांगितला. यंत्रायंत्रांत फायली देण्याघेण्याची जी रीत, तिचे नाव एसएमबी. ती विंडोजबाहेरच्यांना अवगत व्हावी म्हणून १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल नामक तरुणाने एक आज्ञावली रचली, आणि पुढे एस, एम, बी ही तीन अक्षरे असलेला शब्द कोशात हुडकून तिचे ‘सांबा’ असे बारसे केले. (नावासाठी एवढा खटाटोप आमच्याकडे नातवाच्या बारशालाही होत नाही.) या रीतीच्या आवृत्त्यांना तज्ज्ञ मंडळी खरोखरच ‘बोली’ म्हणतात : एक यंत्र आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी सादर करते, दुसरे तीतून एक पसंत करते, आणि समाईक बोली न निघाल्यास उभयतांचे मौन. एक्सपीला पहिलीच बोली येते. आणि २०१७ च्या मे महिन्यात ‘वानाक्राय’ नामक दरोडेखोर त्याच बोलीच्या खिंडारातून जगभर शिरला, तेव्हापासून ती बहुतेक ठिकाणी बहिष्कृत झाली. नव्या सांबानेही तेच फर्मान काढले होते.

“घाटाखालच्या म्हाताऱ्याला घाटावरच्यांनी पंगतीतून उठवावं, तसं झालं हे,” असे म्हणून भाऊंनी काळा पडदा उघडला आणि जडीबुटी झाकणाऱ्या वैदूप्रमाणे खांद्याचा आडोसा धरून दोन ओळी लिहिल्या : एकीने जुन्या बोलीस मुभा, दुसरीने जुन्या धाटणीच्या परवलीस. क्षणार्धात मुनीमजींच्या पडद्यावर खतावणी अवतरली.

भाऊंचा अहंकार मोठा आहे, हे मी नाकबूल करीत नाही. पण तो त्यांना परवडतो. मेहनताना तीनदा नाकारून चौथ्यांदा त्यांनी स्वीकारला, एक्सपीला इंटरनेटचे तोंडही दाखवू नका अशी सक्त ताकीद दिली, आणि निघताना लिनक्सच्या कळफलकावर एक चिठ्ठी डकवली. ती अजून तेथेच आहे : ‘मालकांनी हात लावू नये.’