अठरा वर्षांचे वडीलधारे

आमच्या एसटीत ज्येष्ठ व्हायला 65 वर्षं लागतात. त्या अर्ध्या तिकिटाच्या सुखापासून मी पाच वर्षं लांब होतो, तेव्हाची गोष्ट. 2023 चा जून. युटामधल्या लीहाय गावात मुलाकडे गेलो होतो. दुपारी बेल वाजली. दारात दोन पोरं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी आणि पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं 'एल्डर'. एल्डर म्हणजे वडीलधारा. एक वडीलधारा 19 वर्षांचा, आयडाहोचा. दुसरा 18 चा, थेट टोंगा बेटांवरून आलेला. दाराची चौकट त्याला खांद्यापाशी अपुरी पडत होती.

नंदुरबारात माझ्या लहानपणी मिशन म्हणजे एक तर मिशन हायस्कूल, नाहीतर नवापूरकडचा चिंचपाड्याचा मिशन दवाखाना. म्हणजे मिशनरी असतो तो शिकवणारा किंवा सुई टोचणारा. हे दोघेही मिशनरीच, मॉर्मन पंथाचे, पण त्यातलं काहीच करताना दिसेनात. उन्हातून चालत आले होते, म्हणून खानदेशी माणूस जे करतो ते आम्ही केलं. बसा म्हटलं आणि चहा ठेवला.

चहा त्यांना चालत नव्हता. कॉफीही नाही. दारू, तंबाखू तर नाहीच. 1833 पासूनचा नियम आहे म्हणे. दारू सोडा म्हणणारे आमच्याकडेही होऊन गेले. तळोद्याकडच्या मोरवडला गुलाम महाराजांच्या सांगण्यावरून 1938 च्या सुमारास हजारो भिल्लांनी बाटली सोडली होती. पण त्यांनीही चहावर बंदी घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"च्या नही पेतस?" बायको ओट्याशी थबकली. "मंग दूध पेतस का?"

दूध पेत होते. दोन-दोन ग्लास प्यायले. टोंगावाल्याने तिसऱ्याकडेही पाहिलं. त्याचं आडनाव आमच्या जिभेला पेललं नाही, म्हणून तो त्याच दिवशी 'भाऊ' झाला.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे चौकशीला बसलो. माझ्या मोडक्या इंग्रजीला त्या भाऊची इंग्रजी समजे, कारण तीही त्याची स्वतःची नव्हती. मुलगे दोन वर्षं मिशनवर जातात, मुली दीड वर्ष. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही. पत्र येतं, ते घरच्यांसमोर उघडायचं आणि त्यात जे गाव निघेल तिथे जायचं. पगार? शून्य. उलट अमेरिकेतल्या पोराच्या घरून महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात. आपल्याकडे 2000 साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा आम्ही मास्तर मंडळींनी केवढी बोंब मारली होती. पण तिच्यात निदान तीन हजार हातात पडत.

सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, वाचन, दहाच्या आत बाहेर. रात्री नऊला परत, साडेदहाला दिवा बंद. आठवड्यात एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुण्याचा आणि बाजाराचा. घरी फोन त्याच दिवशी. 2019 च्या आधी तर वर्षाला दोनच फोन असत, नाताळला आणि मातृदिनाला. आणि जोडीदार. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. न्हाणीघर सोडलं तर दोघे कायम एकत्र.

इथे मला हसू आवरेना, आणि ते का, हे सांगायचं तर धडगावला जायला हवं.

1983 साली डी.एड. होऊन मी नोकरीला लागलो. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून 15 वर्षं होती, सगळा कारभार धुळ्याहून. घरी पत्र आलं, वडिलांनी फोडलं. अक्राणी महाल. आई रडली. शहाद्याहून एसटीने धडगाव, तिथून पुढे पायी. नर्मदेकडच्या उतारावरचा एक पाडा. आता त्याला 'अवघड क्षेत्र' म्हणतात, तेव्हा नुसतंच अवघड होतं. मी वीस वर्षांचा. मला अहिराणी येई, पुस्तकातलं मराठी येई. पोरांना दोन्ही येत नसे, ती पावरी बोलत. पहिल्या आठवड्यात एका घरी पाणी मागायला गेलो. मी काय बोललो ते आजतागायत मला कुणी सांगितलेलं नाही. बाई आत गेली आणि एक कोंबडी धरून बाहेर आली. पुढे महिनाभर पाड्यातली लहान पोरं मला बघून पंख फडफडवत.

शाळा द्विशिक्षकी. म्हणजे मलाही जोडीदार होता. आमचाही नियम होता, पण उलटा: दोघांनी एका वेळी पाड्यात दिसायचं नाही. एक आठवडा तो, एक आठवडा मी. दोघे एकत्र असायचो ते फक्त हजेरीपुस्तकात. याचा अभिमान नाही, पण चाळीस वर्षांनी परदेशात बसून सांगायला हरकत नसावी. पावसाळ्यात एकदा नाले भरले आणि दोघे एकाच खोलीत नऊ दिवस अडकलो. त्याचं घोरणं, त्याची गाणी, त्याचं भाताचं पाणी ओतून देणं! दहाव्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. हे दोघे तसं महिनोन्महिने राहतात.

"भांडता का रे?" मी विचारलं.

आयडाहोवाला म्हणाला, नाही. भाऊ म्हणाला, रोज.

जाताना त्यांनी विचारलं, काही मदत हवी आहे का? तसं विचारायची त्यांची रीतच आहे. कुणाचं गवत काप, कुणाचं सामान हलव. आमच्याकडे स्वाध्यायवाले भावफेरीला निघतात, तेही स्वखर्चाने, आपला डबा आपण घेऊन. पण ते बोलून निघतात. हे काम मागत होते. आणि काम मागणाऱ्याला रिकामं पाठवणारी माझी बायको नव्हे.

तिच्या मनात आल्या दिवसापासून बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, होते. युटाची हवा म्हणजे वाळवणाचं माहेर. कडक ऊन, घाम येण्याआधीच वाळतो. ज्वारी भिजत घातलेलीच होती. खोळंबा होता तो घाटा हाटण्याचा, कारण तिथे ताकद लागते आणि मुलाला मीटिंग होती.

दुसऱ्या दिवशी दोघे टाय काढून, टीशर्टात हजर. मोठ्या पातेल्यात जिरं, तीळ, मीठ, मिरची घातलेला घाटा शिजू लागला. त्या पातेल्यात उतरेल असा दांडा घरात नव्हता. मुलाची बेसबॉलची जुनी बॅट सापडली, ती घासूनपुसून भाऊच्या हाती दिली. त्याने घाटा असा हाटला की गाठ म्हणून औषधाला उरली नाही. बायको बघतच राहिली. मिरची नंदुरबार बाजारातली होती. वाफ लागून त्याच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या, पण हात थांबला नाही. शेवटी गरम घाट्यावर तेल घालून वाटी पुढे केली. ती त्याने चाटूनपुसून संपवली आणि आयडाहोवाल्याचीही घेतली.

अंगणात ओल्या चादरीवर बिबडे थापताना आयडाहोवाल्याने इतिहास काढला. त्यांच्या पंथाचा ह्यू फिंडले 1852 साली मुंबईला उतरला होता, पुढे पुण्यात राहून मराठीही शिकला. हाती फारसं कुणी लागलं नाही. 1853 च्या एप्रिलमध्ये आणखी 13 जण जहाजाने कलकत्त्याला पोहोचले. जहाजाचं नाव 'मान्सून'.

मी बायकोला भाषांतर करून सांगितलं.

"एप्रिलमाच मान्सून?" ती म्हणाली. "मंग त्यास्न्या बिबड्या भिजन्या व्हतीन."

त्यांचं खरंच तसंच झालं. 1856 पर्यंत बहुतेक सगळे परतले.

चादर उन्हात ठेवल्याबद्दल तिथल्या रहिवासी संघटनेचं पत्र आलं, तो वेगळा विषय. मला बोचलं ते पुढचं. त्यांच्यात दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते. आमच्याकडे एका बदलीसाठी माणूस आमदाराच्या ओट्यावर म्हातारा होतो. जुलैत भाऊचं नाव यादीत आलं. निरोप घ्यायला तो आला, बायकोने बिबड्यांचा डबा दिला. आईला फोनवर दाखवेन म्हणाला. दोन वर्षांतले त्याचे अजून 15 महिने राहिले होते.

पुढच्या आठवड्यात आयडाहोवाल्याबरोबर नवा एल्डर आला. बारीक, चष्मेवाला. बायकोने त्याचे दंड बघितले आणि मुकाट दूध तापवायला ठेवलं. त्याची नजर कोपऱ्यातल्या बॅटकडे गेली. तीळ अजून चिकटलेले होते. त्याने ती अदबीने उचलली आणि मला विचारलं, काका, तुम्ही कुठल्या टीमकडून खेळता?

मी म्हटलं, नंदुरबार.