ओटा ते ओटा

दौलताबादच्या किल्ल्यासमोर चहाच्या टपरीवर तात्या बसलेले असतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मुलगा न्यू जर्सीला गेला आणि निवृत्तीनंतर तात्यांच्या अखत्यारीत विमानंही आली.

मुंबईहून न्यूआर्कला किती तास लागतात, असं त्यांना सहज म्हणून विचारू नये. ‘‘कसं धरू? विमानतळ ते विमानतळ, का ओटा ते ओटा?’’

पहिला हिशेब कंपनीच्या सोयीचा: साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा-सोळा तास. दुसरा तात्यांचा. घरापासून चिकलठाण्यापर्यंत जीप, मुंबईचं तासाभराचं विमान, तिथं तीन तास आधी हजेरी, बॅगेतल्या लोणच्याचा खुलासा, उतरल्यावर शिक्क्याची रांग, शेवटी पोराचं दार. बेरीज तीसच्या खाली येत नाही. आलीच, तर तात्या एखादी रांग वाढवतात.

नकाशावर त्यांचा विश्वास नाही. टपरीवरचा पेरू उचलतात, त्यावर दोरा ताणतात आणि जवळची वाट उत्तरेकडून कशी वळते ते दाखवतात. जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणलं ते उत्तर ध्रुवावरून, हे सांगून होईतो ध्रुवासकट पेरू संपलेला असतो. पैसे ऐकणाऱ्यानं द्यायचे.

महंमद तुघलकाबद्दल कोणी वावगं बोललेलं त्यांना खपत नाही. 1327 मध्ये त्यानं राजधानी दिल्लीहून इथं आणली. आज विमानानं दोन तास, हवाई अंतर हजार किलोमीटरच्या आत. इब्न बतूतानं मात्र ही वाट चाळीस दिवसांची लिहून ठेवली आहे. सुलतान इथं असला की त्याचं प्यायचं गंगाजलसुद्धा इतक्या लांबून यायचं. ‘‘लोक त्याला वेडा म्हणतात. अहो, ओटा ते ओटा हिशेब त्यालाच कळला. जाण्यायेण्यात वेळ जातो म्हणून ओटाच उचलून आणला!’’ (आणले ते मुख्यतः उमराव, उलेमा आणि त्यांचे कबिले, असं इतिहासकार म्हणतात. तात्यांपुढे हे काढू नये.) मग राजधानी परत का नेली, असं मी एकदा म्हटलं. ‘‘रिटर्न तिकीट असणार.’’

मुलगा आला तो नेमका श्रावणी सोमवारी. विमानं वेळेवर, सामान पूर्ण. पण वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघालेलं अख्खं शहर दौलताबादेत तुंबलेलं. पोराचा फोन आला, ‘‘तात्या, किल्ला दिसतोय, पण गाडी हलत नाही.’’ तात्यांनी कपाटातून जुनी शिट्टी काढली, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि एकेक बाजू सोडू लागले. अर्ध्या तासानं पोराची जीप समोर आली. काचेतून नातवानं हात हलवला. तात्यांनी पंजा दाखवून जीप जागच्या जागी थांबवली आणि आधी चाळीसगाव गाडी काढून दिली.