यूपीएसच्या पोटातल्या नेटवर्क कार्डास अनावृत पत्र

प्रिय कार्डसाहेब,



आपला मुक्काम रॅकच्या तळाशी, पण वरच्या सगळ्या सर्व्हरचा जीव आपल्या मालकाच्या बॅटरीत. एवढ्या तालेवार घराण्यातले आपण, आणि ब्राउझरमध्ये आपला पत्ता टाकला की लाल इशारा येतो. कारण आपण पहिल्यांदा वीज अंगात आली तेव्हा स्वतःच स्वतःला दाखला, म्हणजे सर्टिफिकेट, देऊन मोकळे झालात. अहो, सरकारसुद्धा आता स्वसाक्षांकित प्रत चालवून घेतं. ब्राउझर मात्र अजून राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्यावर अडलेला आहे. त्यातून दाखला काढताना आपलं घड्याळ काही वर्षं मागे होतं, म्हणजे तारखेचाही घोळ.

तेव्हा रीतसर अर्ज करायचं ठरवलं. 2048 बिटांची किल्ली घडवताना आपल्या चिमुकल्या प्रोसेसरला धाप लागते, म्हणून ती माझ्या लॅपटॉपवर घडवली. पण 192.168 ने सुरू होणाऱ्या पत्त्याला बाहेरची कुठलीही नावाजलेली संस्था दाखला देत नाही. बरोबरच आहे, तसे पत्ते गल्लोगल्ली आहेत. मग घरातच सर्टिफिकेट ऑथॉरिटी थाटली. अर्जदार मी, तलाठी मी, तहसीलदारही मीच. तरीही पहिला दाखला ब्राउझरने परत पाठवला! नाव जुन्या रकान्यात लिहिलं होतं, आणि क्रोम 2017 पासून तो रकाना वाचतच नाही. पर्यायी नावांच्या रकान्यात लिहा म्हणे. इतका वशिला असूनही खेटे चुकले नाहीत.

दाखला चढवल्यावर आपण रीस्टार्ट मागितलात. मेनूत दोन पर्याय, एकाखाली एक: कार्ड रीबूट करा, यूपीएस रीबूट करा. पहिल्याने फक्त आपली डुलकी होते, दुसऱ्याने अख्ख्या ऑफिसची. हे दोघे शेजारी कुणी बसवले? माउसवरचं बोट मी दोनदा उचललं आणि तिसऱ्यांदा ओळ मोठ्याने वाचून मगच दाबलं.

आता आपल्या दारावर कुलूप दिसतं. पण मार्च 2022 मध्ये 'टीएलस्टॉर्म' नावाने यूपीएसमधल्या तीन त्रुटी जाहीर झाल्या, त्यातल्या दोन त्या कुलपातच, म्हणजे टीएलएसच्या हाताळणीत होत्या. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने बजावलं, की चोर यूपीएसमध्ये शिरतात ते अनेकदा कारखान्यातून आलेलं नाव आणि पासवर्ड वापरून. ते वाचून मी आपला पासवर्ड पाहिला. तो काय होता, हे अनावृत पत्रात लिहीत नाही. आता बदललाय.

बाहेरच्या संस्थांचे दाखले सप्टेंबर 2020 मध्ये जास्तीत जास्त 398 दिवसांचे झाले आणि कमी होत होत 15 मार्च 2029 पासून 47 दिवसांचेच मिळणार आहेत. आपल्याला मी घरचाच म्हणून दोन वर्षांचा दिलाय. उपकार लक्षात ठेवा.

आपला,
रॅकसमोर उकिडवा बसलेला

ता. क. : कुलूप लागल्यावर, पूर्ण सुरक्षित जोडणीतून, आपण मला पहिलाच निरोप दिलात तो असा : बॅटरी बदला.